सासूबाईंच्या डबीतला चरखा

प्रश्न : मी मूळची सांगलीची. लग्नानंतर गेली २२ वर्षे पेन्सिल्व्हेनियात राहते. माझे पती जन्माने अमेरिकन आहेत. गेल्या वर्षी सासूबाई वारल्या. त्यांचे कपाट आवरताना एका डबीत निळ्या-पांढऱ्या फितीला अडकवलेला छोटा सोनेरी चरखा सापडला. त्या 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या संस्थेच्या सभासद होत्या, एवढेच मला ठाऊक होते. माझ्या नागरिकत्वाच्या शपथविधीच्या दिवशी त्या आणि त्यांच्या मैत्रिणी नव्या नागरिकांना लहान झेंडे वाटत होत्या, आणि माझ्या हातातला झेंडा सासूबाईंनीच दिला होता. आता त्यांच्या शाखेने माझ्या १९ वर्षांच्या लेकीला सभासद होण्यासाठी बोलावले आहे. तिला जायचे आहे. मला मात्र तीन गोष्टी खुपतात. ज्या संस्थेने एका कृष्णवर्णीय गायिकेला सभागृह नाकारले, तिथे माझ्या सावळ्या मुलीने का जावे? दुसरे, पूर्वजाच्या पुण्याईवर सभासदत्व मिळणे हा आपल्याकडच्या कुळाभिमानाचाच प्रकार नव्हे काय? तिसरे, ज्या पूर्वजाच्या नावावर तिला प्रवेश मिळायचा, त्याचे व्हर्जिनियातील मृत्युपत्र माझ्या पतींना मिळाले. त्यात गाई, अंथरुणे आणि भांडीकुंडी यांच्या जोडीला एक कृष्णवर्णीय बाई व तिचे मूल आपल्या मुलीला दिल्याची नोंद आहे. शिवाय शाखेच्या रजिस्ट्रारबाई म्हणतात की सासूबाईंचा अर्ज १९६० च्या दशकातला आहे आणि त्यातला दोन पिढ्यांना जोडणारा एक सांधा आजच्या निकषांना कच्चा पडतो. खरे सांगायचे तर चौथी गोष्टही आहे. मुलगी त्या घरची होईल आणि मी बाहेरच राहीन. लेकीला काय सांगू?

— एक आई, पेन्सिल्व्हेनिया

उत्तर :

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातली चौथी गोष्ट तुम्ही सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोडक्यात लिहिली आहे, त्यावरून पत्राचे मूळ तिथेच असावे असा माझा कयास आहे. तिच्याकडे मी नंतर येते, कारण पहिल्या तिन्ही प्रश्नांना स्वतःचे वजन आहे आणि त्यांना बगल देऊन 'मुलगी सज्ञान आहे, तिला हवे ते करू द्या' असे सांगणे म्हणजे सल्ला देण्याचे टाळणे होय. माझे मत आधीच सांगून टाकते: तिने सभासद व्हायला हरकत नाही, मात्र अर्जावर सही करण्यापूर्वी ते मृत्युपत्र तिने स्वतः, मूळ अक्षरात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या साक्षीदारापर्यंत वाचावे, आणि तो कच्चा सांधा दुसऱ्या कोणाकडून करून न घेता स्वतःच्या हाताने पक्का करावा. असे का म्हणते, ते पुढे लिहीत आहे.

इकडच्या वाचकांसाठी संस्थेची थोडी ओळख करून देणे भाग आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्यांच्या वंशजांनी १८८९ मध्ये 'सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी स्त्रियांना तिच्यात घ्यायचे नाही असे ठरवले. तेव्हा चिडलेल्या काही जणींनी ११ ऑक्टोबर १८९० रोजी वॉशिंग्टन शहरात स्वतःची संस्था स्थापन केली आणि त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन यांना पहिल्या अध्यक्षा केले. वारशाचे जतन, शिक्षण आणि देशप्रेम ही तिची तीन घोषित कामे. आज तिच्या सुमारे ३,००० शाखा आहेत. वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या आणि १९ एप्रिल १७७५ ते २६ नोव्हेंबर १७८३ या काळात अमेरिकेच्या स्वातंत्र्याला हातभार लावणाऱ्या व्यक्तीपासून आपला रक्ताचा वंश कागदोपत्री सिद्ध करू शकणाऱ्या कोणत्याही स्त्रीला, वंश वा धर्म न पाहता, सभासद होता येते. हातभार म्हणजे बंदूकच हवी असे नाही. निष्ठेची शपथ घेतलेला शेतकरी, सैन्याला धान्य वा जनावरे पुरवणारा, जखमींची शुश्रूषा करणारा, नव्या सरकारचा गावकारभार पाहणारा, असे सगळे त्यात बसतात. डबीतला चरखा हे संस्थेचे बोधचिन्ह. जवसाच्या धाग्याचे चाक, कडेला १३ मूळ वसाहतींचे १३ तारे. युद्धाच्या आधीच्या वर्षांत विलायती कापडावर बहिष्कार घालून न्यू इंग्लंडमधील बायका एकत्र जमून सूत काततात, हे वाचताना आपल्याला काही निराळे वाटत नाही, ते आपल्याकडच्या चरख्यामुळे. पण त्यांचे चाक आपल्यापेक्षा दीडशे वर्षांनी जुने.

आता गायिकेची गोष्ट. १९३९ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाने मॅरियन अँडरसन यांच्या गाण्यासाठी संस्थेचे 'कॉन्स्टिट्यूशन हॉल' हे सभागृह मागितले आणि तिथे केवळ गोऱ्या कलावंतांना प्रवेश असल्यामुळे ते नाकारले गेले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी संस्थेचा राजीनामा दिला, आणि ९ एप्रिल रोजी, ईस्टरच्या रविवारी, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे ७५,००० श्रोत्यांपुढे अँडरसन गायल्या. हे खरे आहे आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. तुमच्या लेकीला हे शाखेतल्या कोणाकडून नव्हे, तर तुमच्याकडून कळावे. तथापि गोष्ट तिथे थांबत नाही. १९४३ मध्ये त्याच सभागृहात अँडरसन यांचे गाणे झाले. १९५२ मध्ये ती वर्णबंदी उठली. आणि १९६४ मध्ये त्यांनी आपल्या निरोपाच्या दौऱ्याचा आरंभ मुद्दाम त्याच रंगमंचावरून केला. सभासदत्वाचे दार त्याहून सावकाश उघडले. १९७७ मध्ये डेट्रॉइटच्या कॅरेन बॅचेलर फार्मर या पहिल्या ज्ञात कृष्णवर्णीय सभासद झाल्या. त्यानंतरही वॉशिंग्टनमध्ये लीना सँटोस फर्ग्युसन यांना कोणतीही शाखा सामावून घेईना, आणि प्रकरण वर्तमानपत्रांत गाजल्यावर १९८४ मध्ये संस्थेला तडजोड करून आपल्या नियमांत भेदभावाविरुद्ध स्पष्ट तरतूद घालावी लागली. या दोघींचाही पात्र ठरलेला पूर्वज गोरा होता, ही गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे: अनेक रक्तांचा संगम असलेली तुमची मुलगी त्या दारातून जाणारी पहिली नव्हे, आणि ज्या बायकांनी ते दार ढकलले त्यांना ते फार जड गेले.

येथे एक गोष्ट आपल्या बाजूने सांगितली पाहिजे, नाहीतर परदेशातील संस्थेला नावे ठेवणे फार सोपे होते. अँडरसन यांना सभागृह नाकारले गेले त्याच्या नऊच वर्षे आधी, मार्च १९३० मध्ये, नाशिकला काळाराम मंदिराच्या बंद दारासमोर सत्याग्रह सुरू झाला होता, आणि ते दार काही महिन्यांत वा दोन-चार वर्षांत उघडले नाही. म्हणून संस्थेचा इतिहास काळा आहे एवढ्यावर निकाल देण्याऐवजी, आज त्या विशिष्ट गावच्या विशिष्ट शाखेत कोण बसते आणि नव्या मुलीशी कसे बोलते, हे डोळ्यांनी पाहून घेणे अधिक उपयोगाचे. तुमच्या लेकीने दोन-तीन बैठकांना पाहुणी म्हणून जावे. बैठकीच्या आरंभी प्रार्थना असते आणि संस्थेच्या ब्रीदात देव, घर आणि देश असे तिन्ही शब्द आहेत. घरी गणपती बसवणाऱ्या मुलीला ती प्रार्थना आपली वाटते की आपण तिथे केवळ उभ्या आहोत असे वाटते, हे तिलाच कळेल.

कुळाभिमानाच्या प्रश्नावर मी तुमच्याशी अर्धी सहमत आहे. या संस्थेत मिरवणूकही आहे. जितके पूर्वज सिद्ध होतील तितक्या लहान पट्ट्या फितीवर चढवण्याची तिथे पद्धत आहे, आणि काही जणींच्या छातीवर त्या इतक्या लोंबत असतात की बाईपेक्षा पदरच जड व्हावा. त्यावर एक साधा हिशेब लेकीसमोर मांडा. १७५० च्या सुमारास जन्मलेला तो शेतकरी तिच्यापासून साधारण आठव्या पिढीला येतो. आठव्या पिढीला प्रत्येक माणसाचे २५६ पूर्वज असतात. त्यांपैकी १२८ तुमच्याकडचे. आपल्याकडच्या मामे-आते विवाहांमुळे प्रत्यक्ष डोकी थोडी कमी भरतील, एवढेच. म्हणजे ज्याच्या नावावर तिला पदक मिळणार, तो २५६ मधला एक आहे. मान देण्याजोगा असेल, पण एक. हा हिशेब ज्या मुलीच्या डोक्यात पक्का बसला, तिला पदकाची धुंदी चढण्याचे भय मला फारसे वाटत नाही.

परंतु आपल्या कुळाभिमानाशी त्यांच्या पद्धतीची तुलना करताना एक फरक माझ्या मनात घर करून आहे. माझ्या माहेरच्या कुलवृत्तांताच्या कामात मी तीन वर्षे घातली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या, देवघराच्या पेटीतल्या जन्मपत्रिका, इनामाच्या सनदांच्या नकला, असे काय काय पाहिले. ग्रंथ छापून आला तेव्हा माझ्या आत्येच्या नावापुढे फक्त 'विवाहित' एवढा शब्द होता, आणि तिच्या चार मुलांपैकी कोणाचाही पत्ता नव्हता. कारण त्यांचे कुळ बदलले. काही घराण्यांचे कुलवृत्तांत आता मुलींच्या शाखाही देऊ लागले आहेत, पण मुळातली बैठक पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारीच. अमेरिकेतल्या या संस्थेचा वंशवृक्ष मात्र कोणत्याही पिढीत बाईकडून पुढे सरकतो. तुमच्या लेकीचा मार्ग वडिलांकडून आजीकडे आणि तिथून, बहुधा पुन्हा एखाददोन बायकांतून, त्या शेतकऱ्यापर्यंत गेलेला असेल. म्हणूनच तो कच्चा सांधा कुठे असेल याचा अंदाज मी पत्र पूर्ण वाचण्याआधीच केला होता. तो एखाद्या बाईच्या माहेरच्या आडनावाशी असणार.

महाराष्ट्रात ज्यांनी जात पडताळणी समितीपुढे फाइल नेली आहे, त्यांना पुढचे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यात एक आडनाव, कोतवाल बुकात दुसरे, आणि दोन्ही माणसे एकच, हे शपथेवर सांगून भागत नाही. कागदाला कागद जोडून दाखवावा लागतो. इथेही तसेच. अलीकडच्या तीन पिढ्यांसाठी जन्म, विवाह आणि मृत्यूचे दाखले. त्यामागे गेले की दाखले संपतात, कारण व्हर्जिनियात जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८५३ मध्ये सुरू झाली, १८९६ मध्ये बंद पडली आणि १९१२ मध्येच पुन्हा सुरू झाली. मधल्या काळासाठी जनगणनेचे कागद आहेत, त्यांचेही स्वभाव निरनिराळे. १८५० च्या आधी केवळ घरातल्या कर्त्याचे नाव लिहीत, बाकीची माणसे नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव आले, पण कोण कोणाचे हे १८८० पर्यंत लिहिले गेले नाही. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर नष्ट झाले. यामुळे १८०० ते १८५० या पन्नास वर्षांत लग्न झालेली बाई अशी सहज हरवते, की जणू ती पहिल्या मुलाच्या जन्माच्या दिवशीच जगात आली.

सासूबाईंच्या काळी संस्थेचे निकष सैल होते. एखाद्या छापील घराण्याच्या इतिहासात लिहिले आहे, एवढे पुष्कळदा चालून जाई. आज चालत नाही, आणि इंटरनेटवर कोणीतरी चढवलेला वंशवृक्ष तर केवळ शोधाची दिशा दाखवण्यापुरता उपयोगी. संस्थेच्या संकेतस्थळावर आजवर मान्य झालेल्या पूर्वजांची सूची कोणालाही विनामूल्य पाहता येते. त्यात आपल्या पूर्वजाच्या नावाखाली काही शंका वा सूचना नोंदवली आहे का, हे पहिल्या दिवशी पाहावे, म्हणजे सहा महिने घालवल्यावर कळण्याची वेळ येत नाही. सासूबाईंच्या अर्जाची प्रत संस्थेकडून मिळते. ती मागवून कोणत्या पिढीला कोणता पुरावा दिला होता ते एकेक करून तपासावे.

त्या हरवलेल्या बाईला शोधण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जिल्ह्याच्या न्यायालयातले विवाहाचे जामीनपत्र, पाद्रीने पाठवलेल्या लग्नांच्या याद्या, वडील वारल्यावर झालेल्या वाटणीचे कागद, जमीन विकताना नवऱ्यासह तिने दिलेली संमती. युद्धात लढलेल्यांसाठी १८३२ मध्ये आणि त्यांच्या विधवांसाठी १८३६ मध्ये निवृत्तिवेतनाचे कायदे झाले, तेव्हा म्हाताऱ्या विधवांपाशी लग्नाचा दुसरा पुरावाच नव्हता. त्यांनी घरच्या बायबलमधले, मुलांच्या जन्मतारखा लिहिलेले पान फाडून अर्जासोबत पाठवून दिले. ती पाने आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या त्या फाइलींत आहेत. एका बाईने आपल्या घरातला सगळ्यात पवित्र ग्रंथ फाडावा, तो सरकारला आपले लग्न पटवण्यासाठी, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुमच्या पूर्वजाच्या बायकोने अर्ज केला होता की नाही, हे अवश्य पाहावे.

आणि आता मृत्युपत्र. तुम्ही लिहिले आहे की ती बाई आणि तिचे मूल त्याने 'आपल्या मुलीला' दिले. माझी विनंती अशी की पतींना ते वाक्य पुन्हा वाचायला सांगा आणि ती मुलगी तिथे कोणत्या नावाने आली आहे ते पाहा. त्या काळी लग्न झालेल्या मुलींचा उल्लेख बापाच्या मृत्युपत्रात पुष्कळदा नवऱ्याच्या आडनावाने होतो. ती मुलगी तशी नोंदली असेल आणि ती तुमच्या लेकीच्या वंशातली असेल, तर रजिस्ट्रारबाईंना हवा असलेला सांधा त्याच ओळीत आहे. म्हणजे वंशाचा सर्वांत बळकट पुरावा आणि दोन माणसे वस्तूप्रमाणे देऊन टाकल्याचा पुरावा, ही एकच ओळ असण्याची शक्यता आहे. एक ठेवून दुसरी झाकता येणार नाही, आणि अर्जाला जोडून ते पान वॉशिंग्टनला जाईल. याचसाठी मी म्हटले की लेकीने हे काम स्वतः करावे. स्वातंत्र्यासाठी धान्य दिलेला माणूस आणि एका आईला तिच्या मुलासकट मालमत्ता म्हणून लिहिणारा माणूस हे दोघे एकाच सहीत आहेत, हे तिला आजोबांच्या गोष्टीतून नव्हे तर त्याच्या अक्षरातून कळले पाहिजे.

पण हे कळून नुसते वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. त्या कागदात त्या बाईचे आणि मुलाचे नाव दिलेले आहे का? असेल, तर ते नाव किती मोलाचे आहे हे तुम्हाला सांगते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या, त्यांत मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढेच लिहिले. अगदी थोडे अपवाद वगळता नाव नाही. मुक्त झालेली बहुसंख्य माणसे सरकारी जनगणनेत नावानिशी पहिल्यांदा दिसतात ती १८७० मध्ये. त्यामागचा वंश शोधू पाहणाऱ्या आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांना म्हणून मालकांच्या मृत्युपत्रांवर आणि मालमत्तेच्या याद्यांवर अवलंबून राहावे लागते, आणि त्यांतले पुष्कळ कागद मालकांच्या वंशजांच्या पेट्यांत आणि फाइलींत पडून असतात. तुमच्या घरात असा एक कागद आहे. लेकीने ती नोंद अक्षरशः उतरवून काढावी, जिल्हा, साल आणि न्यायालयाच्या पुस्तकाचा पृष्ठक्रमांक घालावा, आणि त्या जिल्ह्याच्या इतिहास मंडळाला व आफ्रिकन-अमेरिकन वंशशोधाचे काम करणाऱ्यांना द्यावी. शाखेतही सांगावी. संस्थेने स्वतः २००८ मध्ये स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्या कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी स्त्रीपुरुषांची मोठी सूची ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आहे, तिच्यात ६,००० हून अधिक नावे आहेत. तेव्हा 'हा विषय इथे नको' असे कोणी म्हटले तर संस्थेचेच पुस्तक पुढे करता येईल. कोणी तसे म्हटलेच, तर मात्र त्या शाखेविषयी लेकीला जे जाणून घ्यायचे होते ते कळले असे समजावे. शेजारच्या गावात दुसरी शाखा असते.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. वर्गणीत मुख्य संस्था, राज्य आणि शाखा असे तिघांचे भाग असतात, म्हणून एकूण आकडा शाखेला विचारावा. गेल्या वर्षभरात शाखेने काय केले, हेही विचारावे आणि उत्तरात चहापानाची वर्णने जास्त आली तर सावध व्हावे. करण्यासारखे पुष्कळ आहे: शाळकरी मुलांसाठी इतिहासाच्या निबंधस्पर्धा, जुन्या दफनभूमींतल्या शिळांच्या नोंदी, १७ ते २३ सप्टेंबरचा संविधान सप्ताह, जो याच संस्थेच्या मागणीवरून १९५६ मध्ये कायद्याने सुरू झाला, दक्षिण कॅरोलायनातल्या टमासी आणि अलाबामातल्या केट डंकन स्मिथ या शाळांना मदत. नव्या नागरिकांसाठी ही संस्था शंभर वर्षांपासून माहितीपुस्तिका काढते, आणि झेंडे वाटण्याचे काम तर तुम्ही स्वतः अनुभवले आहे.

त्या झेंड्यावरून चौथ्या गोष्टीकडे येते. तुमच्या सासूबाई त्या सकाळी आपल्या सुनेला झेंडा देण्यासाठी घरीही थांबू शकल्या असत्या. त्या शपथविधीला गेल्या आणि ओळीत उभ्या राहून तुमची पाळी येईपर्यंत बाकीच्यांनाही झेंडे देत राहिल्या. त्यांनी तुम्हाला कोणत्या बाजूचे मानले होते, हे तुम्हीच पत्रात लिहिले आहे.

शिवाय १७७५ ते १७८३ या वर्षांत तुमची माणसे कुठे होती, हेही लेकीला माहीत असायला हवे. बोस्टनच्या बंदरात १७७३ मध्ये जो चहा फेकला गेला तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिली गोळी सुटली त्याच्या महिनाभर आधी, मार्च १७७५ मध्ये, त्याच कंपनीच्या मुंबईकरांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज मराठ्यांपुढे नमली. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. ऑक्टोबर १७८१ मध्ये अमेरिकेतल्या यॉर्कटाउनला शरण आलेला इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि १७९१ मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत श्रीरंगपट्टणजवळ त्याच्या उपाशी फौजेला येऊन मिळाले ते मराठ्यांचे सैन्य, ज्याच्या सरदारांत तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन होते. तुम्ही लहानपणी तासगावच्या रथोत्सवाला गेला असाल, तर ज्या गणपतीपुढे उभ्या राहिलात ते देऊळ याच परशुरामभाऊंनी बांधलेले. तुमच्या घराण्याचा त्यांच्याशी काही संबंध आहे असे मी म्हणत नाही. २५६ मधल्या त्या १२८ जणांपैकी बहुतेक शेतात असतील. पण लेकीला तिच्या अमेरिकन पूर्वजाचे युद्ध सांगायला बसाल, तेव्हा नकाशाचे दुसरे टोक तुमच्याकडे आहे.

आणि शेवटी तो अर्ज. त्याची सुरुवात अर्जदार बाईपासून होते: मी अमुक वडिलांची आणि त्यांच्या पत्नीची मुलगी, वडिलांचा जन्म कधी, कुठे, पत्नीचा जन्म कधी, कुठे, विवाह कधी, कुठे. त्यानंतर आजी, मग वर वर चढत तो व्हर्जिनियाचा शेतकरी. तुम्ही बाहेर राहाल असे म्हणता, पण त्या कागदावर लेकीच्या खालोखाल, पतीच्या जोडीने, तुमचे नाव लिहावे लागते, माहेरच्या आडनावासह. पुरावे मुख्यतः वडिलांच्या बाजूचे लागतील, तरी लेकीचा जन्मदाखला आणि तुमचा विवाहाचा दाखला द्यावाच लागतो, आणि त्या दोन्हींत तुमच्या नावाची अक्षरे जुळली पाहिजेत. लग्न सांगलीत झाले असेल आणि दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या; पासपोर्टावर मधले नाव वडिलांचे, दाखल्यावर पतीचे, असा घोळ असेल तर तो आताच निस्तरा. भावाला महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात पाठवून तुमच्या जन्माचा उताराही मागवून ठेवा. आणि जन्मस्थळाच्या रकान्यात लेक घाईघाईने नुसते 'इंडिया' लिहून मोकळी होईल; तिला सांगली लिहायला सांगा.